दिवाळीची भेट, पोस्टाने

मागच्या दिवाळीत ताईने फोनवर दमच दिला. "हे बघ, भाचा तुझा आहे, पण घर माझं आहे. आता एकही खेळणं आणू नकोस." तिचं चुकलं नव्हतं. वन बीएचकेत पलंगाखाली दोन खोकी भरून खेळणी पडलीयत. त्यात मीच आणलेली रिमोटची गाडीही आहे, जी भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी बंद पडली.

मग द्यायचं काय? रिकाम्या हाताने मामा कसा जाणार! इतिहासाचा पॉडकास्ट करतो म्हटल्यावर मी उत्तर मागे जाऊन शोधायला लागलो आणि १९०६ सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' नावाचं मासिक सुरू केलं. खास मुलांसाठी. लक्षात घ्या, मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून आपण ज्याचं नाव घेतो, तो का. र. मित्रांचा 'मनोरंजन'चा अंक १९०९ चा. म्हणजे मोठ्यांना दिवाळी अंक मिळायच्या तीन वर्षं आधीपासून मुलांच्या हातात त्यांचं मासिक होतं. (हे मित्र मूळचे आजगावकर बरं का. बंगालीच्या प्रेमापोटी आडनाव बदललं! पण त्यावर वेगळा एपिसोड करू.)

आपटे काही फावल्या वेळात पोरांसाठी गोष्टी लिहिणारे गृहस्थ नव्हते. 'मराठी शब्दरत्नाकर' हा शब्दकोश त्यांचा. म्हणी आणि वाक्प्रचारांवरचं जाडजूड पुस्तकही त्यांचंच. भाषेचं एवढं काम केलेला माणूस मुलांसाठी 'बालभारत', 'बालरामायण' लिहितो आणि दर महिन्याला अंक काढत राहतो, हे मला फार भारी वाटतं. १९३० मध्ये आपटे गेले, पण 'आनंद' थांबलं नाही. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी अनेक वर्षं ते सांभाळलं. १९७१ मध्ये बालभारतीने 'किशोर' काढलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आई-बाबांनी ते वाचलं असेल, विचारून बघा. त्याचे जुने अंक आता फोनवरही वाचता येतात.

आता आपल्या मुद्द्यावर येतो. मासिकाची वर्गणी ही भेट म्हणून अजब गोष्ट आहे. पैसे एकदा भरायचे आणि भेट वर्षभर येत राहते. सगळं एकाच दिवशी उघडून संपत नाही. अंक पातळ असतो, वाचून झाला की शेजारी जातो, तिथून आणखी कुणाकडे, शेवटी रद्दीत. फारच जीव जडला तर बारा अंक एकत्र बांधून एक पुस्तक होतं. जागा किती लागते? बोटभर.

आपल्याकडचा दिवाळीचा किल्लाही मला याच जातीचा वाटतो. माती अंगणातली, दगड रस्त्यावरचे, वर पेरलेले अळीव चार-पाच दिवसांत हिरवेगार. दिवाळी झाली की माती परत अंगणात आणि मावळे एका खोक्यात. मुलांचा अख्खा आठवडा त्यात जातो आणि घरात उरतं ते एवढंसं खोकं.

तर मी भाच्याच्या नावाने एका बालमासिकाची वर्षाची वर्गणी भरली. भाऊबीजेला त्याच्या हातात फक्त पावती ठेवली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "मामा, गिफ्ट कुठंय?" खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ती बंद पडलेली गाडीच बरी वाटली. ताईसुद्धा माझ्याकडे बघत होती.

पहिला अंक यायला जवळजवळ तीन आठवडे लागले. तोवर मी फोन करायचंच टाळलं. मग एका संध्याकाळी त्याचाच फोन आला. पोस्टमनकाकांनी दारात त्याचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं होतं, आडनावासकट. नऊ वर्षांत त्याच्या नावाने आलेलं हे पहिलं टपाल. अंकात काय आहे ते मी विचारलं, तर म्हणे अजून वाचला नाही, आधी नाव सगळ्यांना दाखवून येतो.

आता आठ अंक झालेत. वाचलेले अंक खालच्या मजल्यावरच्या मुलीकडे जातात. पत्त्याची वेष्टनं मात्र त्याने एकही टाकलेलं नाही. ती उशीखाली ठेवलीयत, आणि त्याबद्दल ताईची तक्रार सुरू झालीय.