येरवडा ते ससून : कैद्याचे आजारपण ही मेहेरबानीची बाब नाही

12 जानेवारी 1924. येरवडा तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या गांधींना अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे ससून रुग्णालयात हलवण्यात आले. त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती पुरी केली. 5 फेब्रुवारीला सरकारने गांधींना मुदतीआधीच सोडून दिले.

या प्रसंगातून आम्ही एवढेच घेतो : सत्तेला एखादा कैदी मरू द्यायचा नसला, की तुरुंग आणि रुग्णालय यांतले अंतर एका दिवसात संपते.

आठ वर्षांनी, 20 सप्टेंबर 1932 रोजी, याच तुरुंगात गांधींचे उपोषण सुरू झाले. एका कैद्याचा जीव राष्ट्राचा प्रश्न बनला आणि तो वाचवण्याचे ओझे बाबासाहेबांच्या खांद्यावर टाकले गेले. 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. त्या जिवाची किंमत अस्पृश्यांनी आपले स्वतंत्र मतदारसंघ देऊन मोजली. मग प्रश्न असा की, ज्याच्यासाठी कोणी तारा पाठवत नाही, त्या कैद्याच्या जिवाची किंमत किती?

आमच्या वस्तीतल्या एका मावशींचा मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारागृहात कच्चा कैदी आहे. एका तपासणीत त्याला हिपॅटायटिस सी निघाला. पुढची तपासणी व्हायला महिने गेले. कधी रुग्णालयात न्यायला पोलीस पार्टी नव्हती, कधी कागद सापडत नव्हता. त्याहून वाईट बातमी मावशींना मुलाखतीत कळली : बराकीत त्याचे ताट वेगळे काढले होते.

मित्रहो, इथे आपण थांबून विचार केला पाहिजे. हिपॅटायटिस सी रक्तातून पसरतो. दूषित सुई, न तपासलेले रक्त, एकच वस्तरा किंवा ब्लेड अनेकांना वापरणे, गोंदण्याची तीच सुई, हे त्याचे मार्ग. एकत्र जेवल्याने, हात लावल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने तो होत नाही. तरीही ताट वेगळे होते, कारण विटाळाची सवय या समाजाच्या हाडात मुरलेली आहे. तुरुंगाच्या नियमपुस्तकांतही ती होती. कैद्यांची कामे आणि बराकी जातीवरून ठरवणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता खटल्यात घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे संविधान लागू झाल्यावर 74 वर्षांनी!

कोणी म्हणेल, बाहेरच्या गरिबाला उपचार मिळत नाहीत, मग कैद्याचे काय घेऊन बसलात? पण बाहेरचा माणूस दुसऱ्या दवाखान्यात जाऊ शकतो. कैद्याच्या पायात सरकारने कुलूप घातले आहे, म्हणून त्याच्या शरीराची जबाबदारीही सरकारचीच. शिवाय 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या चारपैकी तीन कैद्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यांतही दर पाचात साधारण एक अनुसूचित जातीचा आहे. हा प्रश्न आपल्याच घरातला आहे.

औषध महाग आहे, हे कारणही आता चालत नाही. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. बहुतेक रुग्णांना साधारण 12 आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि 95 टक्क्यांच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. उपचार न झाल्यास हाच आजार वर्षानुवर्षे गुपचूप लिव्हर पोखरतो आणि पुढे सिरॉसिस किंवा कॅन्सरपर्यंत नेतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. गांधी ज्या 1894 च्या तुरुंग कायद्याखाली कैदेत होते, त्यातच आजारी दिसणाऱ्या कैद्याची खबर विनाविलंब वर देण्याची सक्ती होती. इंग्रजांच्या कायद्यात जे होते, त्याहून कमी आज स्वीकारायचे का? कलम 21 तुरुंगाच्या दारात संपत नाही. 1979 च्या सुनील बात्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेले पत्रच याचिका मानले होते.

म्हणून आम्ही मावशींना रडत फेऱ्या मारणे थांबवायला सांगितले आणि कागद हातात घेतला. कारागृह अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. अर्जात नेमके मागितले : विषाणूचे प्रमाण मोजणारी रक्ततपासणी, लिव्हरची तपासणी, उपचार केंद्रात नोंदणी, आणि दुसऱ्या तुरुंगात बदली झाली तर गोळ्या व कागदपत्रे सोबत पाठवणे. मग विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. पुण्यात हे कार्यालय शिवाजीनगर न्यायालयात आहे. वकिलाने खटल्याच्या न्यायालयात अर्ज करून वैद्यकीय अहवाल मागवला. त्यानंतर पोलीस पार्टी मिळाली. आज त्याच्या गोळ्या सुरू आहेत.

प्रत्येकाचा शेवट असा होत नाही. 84 वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जामिनाची वाट पाहत असतानाच 5 जुलै 2021 रोजी कोठडीत वारले. त्यांचे नाव देशाला ठाऊक होते, तरी हे झाले. ज्यांचे नाव कोणालाच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी उभे राहणारे आपणच आहोत.

आपल्या प्रत्येक विहारात एक वही ठेवा. वस्तीतला कोण कोणत्या तुरुंगात आहे, त्याला कोणता आजार आहे, अर्ज कधी दिला, पोच कुठे आहे, हे त्यात लिहा. 1924 मध्ये एका कैद्यासाठी सरकार धावले. आता आपल्या अर्जाने ते प्रत्येक कैद्यासाठी धावले पाहिजे.

जय भीम!