चौकटीमागून चौकट, नळामागून नळ

काशीगावात पाण्याची वेळ ज्याला ठाऊक नाही, तो इथला नव्हे. पाहुणे आले तरी आधी बादल्या भरायच्या, मग गप्पा. आमच्या मीरा-भाईंदर शहराच्या मालकीचं धरण नाही. स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी आणि एमआयडीसी उल्हास नदीचं पाणी उचलतात, ते लांबून जलवाहिनीनं इथवर येतं. त्यात कुठं काही बिघडलं की आमच्या गल्लीत टँकर उभा राहतो. अशा शहरात २००७ साली एक संस्था सुरू झाली. तिला ना कचेरी होती, ना शिपाई. एक म्हातारे गृहस्थ, एक प्लंबर आणि सोबतीला एक कार्यकर्ती, एवढाच तिचा पसारा. नाव ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’. थेंब न् थेंब वाचवा, नाहीतर मरा, असं रोखठोक सांगणारं नाव. ते ठेवलं होतं त्या गृहस्थांनीच, मीरा रोडचे व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी.

या संस्थेची वाटचाल २००७ पासून सांगितली तर अर्धीच होईल. ती सुरू होते डोंगरीत. सुरतींचा जन्म १९३५चा, गुजरातेतल्या राजुल्याजवळचा, पण बालपण मुंबईतल्या डोंगरीच्या गरीब वस्तीतलं. आई पहाटे चारला उठून बादलीभर पाण्यासाठी रांगेत उभी राहायची, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोदीकडून बोरीबंदरकडे गोऱ्या सैनिकांची गाडी जायची. डब्यातून काही खाऊ पडेल म्हणून पोरं तिच्यामागे धावायची. एकदा वरून पडलं ते चित्रकथेचं पुस्तक. पोरांच्या झोंबाझोंबीत आबिदच्या वाट्याला त्यातलं एक पान आलं, मिकी माउसचं. असं तर मलाही काढता येईल, असं त्या पोराला वाटलं आणि त्यानं पेन्सिल हातात घेतली.

पुढं जे. जे. कला महाविद्यालय, चित्रं, कथा-कादंबऱ्या. गुजराती आणि हिंदी, दोन्ही भाषांत हात चालला. पण घराघरांत नाव पोचवलं ते ‘ढब्बूजी’नं. धर्मवीर भारतींच्या ‘धर्मयुग’मधली ही विनोदी पट्टी तीसेक वर्षं चालली. साप्ताहिकाचं काम म्हणजे दर आठवड्याला ठरल्या वेळी विनोद सुचलाच पाहिजे. ताप असो, घरात लग्न असो, पट्टी गेली पाहिजे. मला वाटतं, या माणसाच्या पुढच्या आयुष्याचं मर्म याच सवयीत आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फिल्म्स डिव्हिजनच्या प्रमोद पतींनी ‘आबिद’ नावाचा छोटासा चित्रपट केला. पती झेकोस्लोव्हाकियात बाहुल्यांचं सचेतपट शिकून आलेले. बाहुली कणभर हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा कणभर हलवायची. इथं त्यांनी बाहुलीच्या जागी जिताजागता चित्रकार उभा केला. रिकाम्या पांढऱ्या खोलीत सुरती रंगवत सुटतात, भिंती भरत जातात, माणूस धक्क्याधक्क्यानं सरकतो, नाहीसा होतो, पुन्हा उगवतो. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. तो चित्रपट जेमतेम पाच मिनिटांचा, पण त्यातली प्रत्येक हालचाल माणसानं थांबून, श्वास धरून, तुकड्यातुकड्यानं दिलेली. सरकारी संस्थेत असलं धाडस झालं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. पती १९७५मध्ये फार लवकर गेले.

१९७६मध्ये इंद्रजाल कॉमिक्समध्ये सुरतींचा ‘बहादुर’ आला. गोविंद ब्राह्मणिया त्याची चित्रं काढायचे. चंबळच्या डाकूंशी भिडणारा आपल्या मातीतला नायक! ‘तीसरी आँख’ या कथासंग्रहाला १९९३चा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

मग एका मित्राच्या घरी त्यांना गळका नळ दिसला. एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही, हे मित्राचं उत्तर. आपल्यापैकी कुणीही हेच म्हटलं असतं. पण ज्याच्या आईनं बादलीसाठी पहाट जागवली, त्याच्या कानातून ती टपटप जाईना. त्यातच वर्तमानपत्रात हिशेब वाचला: सेकंदाला एक थेंब गळला तर महिन्याला हजार लिटर पाणी वाया. पैशांची विवंचना होती, तेवढ्यात उत्तर प्रदेश हिंदी संस्थानचा एक लाखाचा पुरस्कार जाहीर झाला. साहित्याचे पैसे नळांवर लागले.

काम पट्टीसारखंच, आठवड्याच्या मापाचं. आधी एखादी इमारत निवडून सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी काढायची, मग खाली पोस्टर लावायचं, घरोघरी पत्रकं टाकायची आणि रविवारी सकाळी प्लंबरला घेऊन बेल वाजवायची. दुरुस्ती फुकट. कार्यकर्ती सोबत असायची, कारण अनोळखी पुरुषांना स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात कोण घेईल? पहिल्या वर्षी १६६६ घरं झाली, ४१४ नळ दुरुस्त झाले, ४ लाख १४ हजार लिटर पाणी वाचल्याचा हिशेब निघाला. त्या आकड्यांत मला आणखी एक गोष्ट दिसते. चार घरांमागे एक नळ गळत होता. दहा हजार लिटरचे एकेचाळीस टँकर कुणाच्या कानावर न जाता गटारात चालले होते.

पुढं मशिदींत पोस्टर लागली, वाहत्या नदीकाठी असलात तरी पाणी उधळू नका, ही पैगंबरांची शिकवण सांगणारी. गणपतीतही पाण्याचा निरोप देणारी पोस्टर निघाली. ज्याला जे पवित्र, त्याच्याच तोंडून पाणी. लोकांचा स्वभाव वाचायची व्यंगचित्रकाराची नजर इथं कामी आली.

आणि दुरुस्ती ती किती? चावी सोडवायची, आतला दांडा बाहेर काढायचा, त्याच्या टोकाचा रबरी वायसर बदलायचा. जुना वायसर तळहातावर घेऊन पाहा: मध्ये गोल खाच पडलेली, कडेला तडा. नळ गळू लागला की आपण चावी आणखी आवळतो, रबर आणखी चेपतं आणि गळती वाढत जाते. दोन-चार रुपयांची चकती, पाच मिनिटांचं काम.

आमच्या शहरात पाण्याची चर्चा निघाली की सूर्या पाणीपुरवठा प्रकल्प, वाढीव कोटा, दशलक्ष लिटर याच भाषेत चालते. ते पाणी हवंच आहे, त्यासाठी भांडलंही पाहिजे. पण या माणसानं हिशेब थेंबापासून मांडला, आणि सत्तरी ओलांडल्यावर, रविवारमागून रविवार जिने चढून मांडला.

मी हे सगळं वाचलं तेव्हा आमच्या मोरीतला नळ आठ महिन्यांपासून गळत होता, खाली तांब्या ठेवलेला. त्या दिवशी पान्हा विकत आणला. आता मोरीच्या फळीवर आगपेटीच्या खोक्यात वायसर असतात. गेल्या रविवारी एक शेजारच्या आजींच्या नळाला लागला, तीन उरलेत.