वडवणी : गांव, वाट आणि कागद

बीड जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे इतिहासप्रेमी मनुष्यास धारूरचा किल्ला आठवतो, राक्षसभुवनचें रण आठवतें, अंबाजोगाईचे शिलालेख व परळीचें ज्योतिर्लिंग आठवतें. या मालिकेंत वडवणीस सहसा जागा मिळत नाहीं. जुनीं दप्तरें धुंडाळीत हिंडणारे आमच्यासारखे लोकही बीडहून परळीस जातांना तेथें चहापुरते उतरत आणि पुढें जात. ही आमची चूक होती असें आतां वाटतें.

प्रथम भूमि पाहूं. जिल्ह्याच्या दक्षिणेस बालाघाटाचें पठार, उत्तर सीमेवर गोदावरी, आणि या दोहोंमध्यें सिंदफणेचें खोरें, अशी येथील स्थूल रचना आहे. गोदेकांठच्या मुलखास जुन्या कागदांत गंगथडी म्हणतात. बीडच्या पूर्वेस, डोंगर संपून खोरें लागतें त्या उतारावर वडवणी वसलें आहे. जवळची कुंडलिका पुढें सिंदफणेस मिळते व सिंदफणा गोदेस. वर घाटांत मुरमाड, उथळ जमीन. तींत बाजरी, तूर, हुलगा, आणि जोडीस शेळ्यामेंढ्या. खालीं काळी कसदार जमीन. तींत कापूस व रब्बीची ज्वारी. पाऊस दोहोंकडे बेताचाच. अशा दोन मुलखांच्या सांध्यावर बाजार भरावा यांत नवल तें कोणतें? धारूर दक्षिणेस, माजलगांव ईशान्येस, बीड पश्चिमेस, आणि पूर्वेस तेलगांवावरून परळीची वाट.

नांवाची फोड आम्ही वट आणि वन अशी करितों. संस्कृत ‘ट’चा प्राकृतांत ‘ड’ होणें हें नित्याचेंच. केवळ ध्वनिसाम्यावर भिस्त ठेवूं नये हें आम्ही विद्यार्थ्यांस जन्मभर सांगत आलों. परंतु याच तालुक्यांत चिंचवण नांवाचें गांव आहे, आणि ही जोडी पाहतां आमचा संशय फिटतो. पेठेंतील दुकानांची रांग पाहून ‘वाणी’ शब्दाकडे धांवण्याचा मोह होतो, तो आवरावा.

इ. स. १६३०-३१ मध्यें खानजहान लोदीच्या पाठलागावर आझमखानाच्या फौजा बीडच्या टापूंत उतरल्या आणि त्याच मोहिमेंत धारूरचा किल्ला मोगलांच्या हातीं गेला. पुढें त्यास फतेहाबाद हें नांव मिळालें, तें नाणेसंग्राहकांच्या परिचयाचें आहे. घाटाखालून बीडकडे जाणाऱ्या फौजेस व बंजाऱ्यांच्या तांड्यांस वडवणीचा उतारच सोयीचा पडला असला पाहिजे. १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवन येथें थोरल्या माधवरावांनीं निजामअलीचा पराभव केला. तरी हा प्रांत अखेर हैदराबादकडेच राहिला, तो १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत.

याचा परिणाम कागदांवर झाला, आणि पुण्याकडील अभ्यासक हमखास चुकतो तो येथें. त्यास शुहूर सनाची संवय. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन निघतो. दक्षिणी फसलींत मात्र ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. संवयीनें जुनाच आंकडा मिळविला तर जमाबंदीचा कागद नऊ वर्षें पुढें सरकतो, आणि दुष्काळांत दिलेली सूट सुकाळांत दिलेली दिसूं लागते. मग सरकार उदार होतें असा निष्कर्ष निघतो!

असो. मराठवाडा १९५६ मध्यें मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत. वडवणीच्या वाढीस खरा वेग आला तो १९९९ मध्यें स्वतंत्र तालुका झाल्यावर. तहसील आली म्हणजे तिच्यामागून मुद्रांकविक्रेता येतो, दस्तलेखक येतो, खतें-बियाणांचीं दुकानें, दवाखाने, खानावळी येतात. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरांच्या लोहमार्गावरील गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजीं बीडास पोंचली. वडवणी त्याच मार्गाच्या पुढील भागांत आहे.

परंतु या पेठेंत खेळणारा पैसा केवळ शेतांतून अथवा कचेरींतून येत नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील मजुरांचे तांडे ऊस तोडण्यास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. हत्याराचें नांव माणसांस लागलें तें हिशेबाच्या सोयीसाठीं. मुकादम हंगामापूर्वीं ‘उचल’ देतो, आणि ती रक्कम पुढें तोडणीच्या मजुरींतून वळती होते. न फिटल्यास बाकी पुढील हंगामावर जाते. उचल हातीं आली कीं किराण्याची उधारी फिटते, कापड निघतें, घरावर पत्रे चढतात. आणि आठ-पंधरा दिवसांत गांवें रितीं होऊन म्हाताऱ्यांच्या हवालीं होतात. मंडळी परततात तीं चैत्र-वैशाखांत, आणि मग लग्नांची घाई. एवढा सगळा व्यवहार मुकादमाच्या वहींत असतो : नांव, गांव, रक्कम, तारीख, कारखाना, बाकी. सावकाराच्या जुन्या खतावणीशेजारीं ही वही ठेवावी. लिपि मोडीची बाळबोध झाली आहे, रकाने तेच आहेत.

शंभर वर्षांनीं वडवणीचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्यास या वह्यांवांचून गति नाहीं. त्या आज काय होतात तें सांगतों. रस्त्यालगतचा एक जुना वाडा पाडीत असल्याचें कळलें म्हणून आम्ही गेलों. घरधन्यांनीं फारसी शिक्क्याचे दोन कागद कापडांत बांधून ठेवले होते. “हे किंमतीचे, सर,” असें म्हणून त्यांनीं ते पुढें केले. आजोबांच्या आडतीच्या व चुलत्यांच्या मुकादमीच्या वह्या मात्र दोन गोण्या भरून आदल्याच आठवड्यांत रद्दीवाल्यास वजनावर गेल्या होत्या. शिक्का तेवढा राखावा, हें त्यांस कोणीं शिकविलें? तुम्हीं आम्हींच. संग्राहक दारीं येतो तो शिक्क्याचें मोल विचारीत येतो. उधारीची वही कोणी मागितल्याचें त्यांच्या ऐकिवांत नव्हतें.

एक वही उरली होती. तिच्या कोऱ्या पानांवर नातवाचे पाढे चालले होते, आणि मागील पानांवर एका हंगामाची उचल होती. ती आम्हीं मागितली. नातू द्यावयास तयार होईना, कारण एकोणतिसाचा पाढा अर्धा राहिला होता. मग तेथेंच ओट्यावर बसून त्या पानांची नक्कल उतरून घेतली. नांवांच्या जागीं आंकडे घातले आहेत, कारण त्यांतील पुष्कळ माणसें हयात असून कित्येकांची बाकी अद्याप फिटलेली नाहीं.