पदवीनंतरचा उंबरठा : अमेरिकेतील ग्रंथपाल-रेसिडेन्सीची पूर्वपीठिका

१/
१९३० साली डोरोथी पोर्टर यांच्याकडे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील एका ग्रंथसंग्रहाची जबाबदारी आली. कृष्णवर्णीयांनी लिहिलेली आणि त्यांच्याविषयी लिहिली गेलेली पुस्तके लावायची होती. त्यांनी इतर ग्रंथालयांकडे चौकशी केली. ड्यूई दशांश वर्गीकरणानुसार अशा पुस्तकांना तेथे दोनच वर्गांक दिले जात : ३२६, म्हणजे गुलामगिरी, आणि ३२५, म्हणजे वसाहतीकरण.

२/
याचा अर्थ असा की, कृष्णवर्णीय कवीचा काव्यसंग्रहही गुलामगिरीच्या फळीवर जाई. कविता शोधत आलेल्या वाचकाला तो सापडण्याची शक्यताच नव्हती. पोर्टर यांनी ही पद्धत झुगारली आणि साहित्यप्रकार व लेखक यांनुसार संग्रहाची मांडणी केली. १९७३ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा तो या विषयावरील जगातील अग्रगण्य संग्रहांपैकी एक झाला होता.

३/
पुस्तक कोणत्या फळीवर जाईल हे ठरवणाऱ्या मेजामागे कोण बसते, यावर वाचकाला काय सापडेल हे अवलंबून असते. त्या मेजापर्यंत पोहोचण्याच्या वाटा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना एकेक करून पाडाव्या लागल्या. त्या वाटांचा हा इतिहास.

४/
पहिली वाट : उमेदवारी. १९०५ मध्ये केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात कृष्णवर्णीयांसाठी सार्वजनिक ग्रंथालयाची स्वतंत्र शाखा उघडली. तिचे प्रमुख होते टॉमस फाउंटन ब्लू. त्यांचे स्वतःचे शिक्षण धर्मशास्त्राचे होते. ग्रंथपालन ते काम करता करता शिकले. पुढे त्यांनी शाखेतच कृष्णवर्णीय तरुणींसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला.

५/
दक्षिणेतील ग्रंथालयशिक्षणाची दारे तेव्हा वर्णभेदाने बंद होती. त्यामुळे ह्यूस्टन, बर्मिंगहॅम, अटलांटा अशा दूरदूरच्या शहरांतून उमेदवार लुईव्हिलला येत. पुस्तकांची नोंद, देवघेव, वाचकांशी व्यवहार हे सारे प्रत्यक्ष कामातून शिकवले जाई. परंतु शिकून झाल्यावर काम करायचे ते पुन्हा ‘त्यांच्यासाठी’ वेगळ्या काढलेल्या शाखांतच.

६/
दुसरी वाट : स्वतंत्र विद्यालय. १९२५ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनच्या अर्थसाहाय्याने व्हर्जिनियातील हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये कृष्णवर्णीयांसाठी ग्रंथालयशास्त्राचे विद्यालय सुरू झाले. १९३९ मध्ये ते बंद पडले. १९४१ मध्ये अटलांटा विद्यापीठाने ती धुरा उचलली.

७/
अटलांटाच्या पहिल्या अधिष्ठाता होत्या एलायझा ॲटकिन्स ग्लीसन. ग्रंथालयशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन व्यक्ती (शिकागो विद्यापीठ, १९४०). त्यांच्यानंतर हॅम्प्टनच्याच पदवीधर व्हर्जिनिया लेसी जोन्स यांनी १९४५ पासून १९८१ पर्यंत हे विद्यालय सांभाळले. कृष्णवर्णीय ग्रंथपालांच्या कित्येक पिढ्या येथे घडल्या. २००५ मध्ये हेही विद्यालय बंद झाले.

८/
पदवी हाती आली, तरी व्यवसायाच्या संघटनेत मानाचे स्थान मिळत नव्हते. दक्षिणेतील काही राज्यांच्या ग्रंथालय संघटना कृष्णवर्णीयांना सभासदत्वच देत नसत. १९६४ च्या सेंट लुईस अधिवेशनात ई. जे. जोसी यांनी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनसमोर ठराव मांडला : भेदभाव करणाऱ्या राज्य संघटनांच्या कार्यक्रमांत असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांनी भाग घेऊ नये. ठराव मंजूर झाला.

९/
१९७० मध्ये जोसी यांच्याच पुढाकाराने कृष्णवर्णीय ग्रंथपालांचा ‘ब्लॅक कॉकस’ स्थापन झाला. १९७६ मध्ये क्लारा स्टँटन जोन्स या असोसिएशनच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्षा झाल्या. १९८४ मध्ये स्वतः जोसी त्या पदावर आले. कायद्याची आणि संघटनेची दारे आता उघडी होती. विद्यापीठीय ग्रंथालयांतील चेहरे मात्र फारसे बदलले नव्हते.

१०/
येथे आडवा येत होता तो ‘अनुभव’ हा शब्द. विद्यापीठीय ग्रंथालयातील पदासाठी पदवीसोबत अनुभव मागितला जाई, आणि अनुभव मिळवायचा तर आधी पद हवे. ज्यांच्या ओळखीपाळखीत कोणी ग्रंथपाल वा प्राध्यापक नव्हता, त्यांच्यासाठी हे कोडे अधिकच अवघड होते. यावर काढलेला तोडगा म्हणजे रेसिडेन्सी.

११/
रेसिडेंट डॉक्टर हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. ही कल्पना त्याच्याशी मिळतीजुळती. नुकतीच पदव्युत्तर पदवी घेतलेल्या व्यक्तीला साधारण दोन-तीन वर्षांसाठी पगारी ग्रंथपाल म्हणून नेमायचे. संदर्भसेवा, तालिकीकरण, दुर्मीळ संग्रह, डिजिटल विभाग असे निरनिराळे अनुभव द्यायचे, सोबत एक मार्गदर्शक. उत्तरार्धात रेसिडेंटने स्वतःचा एखादा प्रकल्प तडीस न्यायचा.

१२/
अशा आरंभीच्या उपक्रमांपैकी एक डेलावेअर विद्यापीठात १९८३ मध्ये सुरू झाला. आज तो पॉलीन ए. यंग यांच्या नावाने ओळखला जातो. १९०० साली जन्मलेल्या यंग या विल्मिंग्टनच्या हॉवर्ड हायस्कूलमध्ये शिक्षिका व ग्रंथपाल होत्या. डेलावेअरमधील कृष्णवर्णीयांचा इतिहासही त्यांनी लिहिला.

१३/
या नावामागे एक बोचरा संदर्भ आहे. यंग यांच्या तरुणपणी हे विद्यापीठ कृष्णवर्णीयांना प्रवेश देत नसे. त्यांनी पदवी घेतली ती शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात. डेलावेअर विद्यापीठाला पदवी-अभ्यासक्रमाचे दार उघडणे भाग पडले ते १९५० मध्ये, न्यायालयाच्या आदेशाने. ज्या संस्थेत त्या शिकू शकल्या नसत्या, तेथेच त्यांच्या नावाने नवे ग्रंथपाल घडू लागले.

१४/
पुढे प्रयत्नांना बळ मिळत गेले. १९९७ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने स्थापलेल्या ‘स्पेक्ट्रम’ शिष्यवृत्तीने वंचित गटांतील विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची सोय पाहिली. २०१५ मध्ये अमेरिकन, आयोवा, व्हर्जिनिया टेक आणि वेस्ट व्हर्जिनिया या चार विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी रेसिडेन्सीसाठी ‘डायव्हर्सिटी अलायन्स’ उभारली. महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने नंतर ती देशपातळीवर नेली.

१५/
तरीही आकडे बोलके आहेत. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २००९-१० च्या पाहणीनुसार देशातील पदवीधारक ग्रंथपालांपैकी सुमारे ८८ टक्के श्वेतवर्णीय होते. त्याच सुमारास, २०१० च्या जनगणनेत, हिस्पॅनिक नसलेल्या श्वेतवर्णीयांचे लोकसंख्येतील प्रमाण जवळपास ६४ टक्के होते.

१६/
रेसिडेन्सीवर टीकाही झाली, आणि ती करणाऱ्यांत माजी रेसिडेंट पुढे होते. मुदत संपली की नोकरीची हमी नाही. विभागात एकटीच वेगळ्या वर्णाची व्यक्ती असल्यामुळे विविधतेविषयीच्या प्रत्येक समितीत तिलाच बसवायचे. ‘तात्पुरता पाहुणा’ म्हणून वागणूक द्यायची आणि श्रेय मात्र संस्थेने घ्यायचे. एकाच वेळी दोन-तीन रेसिडेंट नेमावेत, मुदतीनंतर कायम पद द्यावे, या सूचना अशाच अनुभवांतून आल्या.

१७/
लुईव्हिलचा वर्ग, हॅम्प्टन, अटलांटा, डेलावेअर : प्रत्येक टप्प्यावर दार उघडले, पण ते मुख्य इमारतीला जोडलेले बाजूचे दार होते. निधी आटला, मुदत संपली की ते मिटण्याची भीती कायम राहिली. या वाटांनी आलेल्यांची गुणवत्ता पुनःपुन्हा सिद्ध झाली आहे. संस्था त्यांच्यासाठी स्वतः किती बदलणार, याची कसोटी अजून बाकी आहे.

१८/
पोर्टर यांनी ३२५ आणि ३२६ नाकारले, ते त्या मेजामागे पाहुण्या म्हणून बसल्या नव्हत्या म्हणून. त्यांच्या हाती अधिकार होता आणि पुढची चार दशके होती. दोन वर्षांत माणूस फळ्यांची रचना शिकतो. ती बदलण्यासाठी त्याला तेथे टिकून राहावे लागते.