इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन (१८९३–९४)

इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन : गांजा, भांग आणि चरस यांची लागवड, विक्री आणि सेवनाचे परिणाम तपासण्यासाठी हिंदुस्थान सरकारने ३ जुलै १८९३ रोजी नेमलेले सात सदस्यांचे मंडळ. लागवडीचा आणि विक्रीचा तपशील त्याने ढिगाने गोळा केला, पण त्याचे नाव राहिले ते दुसऱ्याच कामामुळे. गांजाने माणसाला वेड लागते, ही समजूत त्या काळी सरकारी आकडेवारीच्या आधारावर उभी होती. ती आकडेवारी कुणी भरली आणि कशावरून भरली, हे या मंडळाने दप्तरे उघडून पाहिले.

चौकशीची मागणी आली विलायतेतून. १८९१ मध्ये मार्क स्टुअर्ट या खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरून गेली आहेत, असे एका वृत्तपत्रात छापून आले होते. त्याचे पुढे काय? मग मार्च १८९३ मध्ये मद्यपानविरोधी चळवळीतले नाणावलेले खासदार विल्यम केन यांनी बंगालमधील गांजाच्या चौकशीसाठी तज्ज्ञांचे मंडळ मागितले. ते मान्य झाले आणि चौकशीची व्याप्ती बंगालपुरती न ठेवता सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढवण्यात आली. यामागे केवळ सदिच्छा होती असे मानण्याचे कारण नाही. गांजावर अबकारी कर होता आणि तिजोरीला त्यातून नियमित उत्पन्न मिळत होते. अफूवरून विलायतेत रान उठलेलेच होते. अफूच्या चौकशीसाठीही त्याच वर्षी एक रॉयल कमिशन नेमले गेले.

अध्यक्ष पंजाबचे फायनान्शियल कमिशनर डब्ल्यू. मॅकवर्थ यंग होते. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर एच. टी. ओमॅनी आले, मध्य प्रांतातून ए. एच. एल. फ्रेझर आणि कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून रसायनशास्त्राचे प्राध्यापक सर्जन-मेजर वॉर्डन. ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबचे कंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद हे तिघे हिंदी सभासद. ऑगस्ट १८९३ मध्ये कलकत्त्याला पहिली बैठक झाली आणि वर्षभरात सिमल्याला काम आटोपले. तेवढ्या काळात १,१९३ साक्षी नोंदवल्या गेल्या. अहवाल आणि पुरावे मिळून तीन हजारांवर पाने भरली.

या पानांतला सर्वांत वाचनीय भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. १८५८ च्या कायद्याप्रमाणे रस्त्यावर भरकटणारा वेडा माणूस पोलिसांनी धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, मॅजिस्ट्रेटने डॉक्टरच्या दाखल्यावर त्याला इस्पितळात धाडायचे, अशी पद्धत होती. सोबत एक वर्णनपत्र जाई. नाव, गाव, जात, धंदा आणि एका रकान्यात वेडाचे कारण. आता धरून आणलेला माणूस धड बोलत नाही, गावचा पत्ता नाही, नातेवाईक नाहीत. रकाना मात्र भरायचा असतो. ‘कारण अज्ञात’ हा शेरा वरिष्ठांना रुचत नसे. शिपाई बाजारात चार माणसांना विचारी. कमरेला चिलीम निघाली, अंगावर बैराग्याची कफनी असली किंवा कुणी ‘ओढतो बुवा’ म्हटले, की काम भागे. कारण : गांजा. इस्पितळाचे अधीक्षक तोच शब्द आपल्या नोंदवहीत उतरवून घेत, वर्षअखेरीस बेरीज होई आणि ती बेरीज प्रांतिक अहवालातून लंडनपर्यंत पोहोचे. तिथे तिला वैद्यकीय पुरावा म्हणत.

कमिशनने १८९२ हे एकच वर्ष घेतले आणि त्याची साल काढली. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांपुढे गांजा, भांग वा चरस हे कारण लिहिलेले होते. या प्रत्येकाच्या गावी नव्याने चौकशी करवली गेली. आईबाप, भाऊबंद, शेजारी यांना विचारले गेले, इस्पितळाच्या अधीक्षकांची उलटतपासणी झाली. कुणी गांजाला कधी शिवलेलाच नव्हता असे निघाले. कुणाच्या घराण्यातच वेड होते, कुणाला फेफरे येत असे, तर कुणी वेड लागल्यानंतर चिलीम हाती घेतली होती. शेवटी गांजाचा संबंध वाजवीपणे मानता येईल असे ९८ उरले आणि त्यांतही दुसरे कुठलेच कारण न सापडलेले ६१. एकूण दाखल रुग्णांच्या हिशेबात हे प्रमाण अनुक्रमे सव्वासात आणि साडेचार टक्क्यांच्या आसपास पडते. छापील आकडा निम्म्याहून खाली आला, तोही एकही नवे औषध न शोधता, नुसते माणसे पाठवून विचारल्याने.

कुलाबा, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर या मराठी मुलखातल्या इस्पितळांचाही कारभार याच कायद्याने आणि याच रकान्यांनी चाले. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याखाली गांजाची विक्री परवान्याने होई, आणि पीक प्रामुख्याने नगर आणि सातारा जिल्ह्यांत निघे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते ऊस-मिरचीसारखेच एक बागायती नगदी पीक होते. ओढणारे होते ते गोसावी, बैरागी, फकीर, रात्रपाळीचे राखणदार, अंगमेहनतीचे मजूर. प्रतिष्ठितांच्या लेखी गांजा हे हलक्यासलक्याचे व्यसन, आणि भांग मात्र शिवरात्रीला व होळीला घरात घोटली तरी चालणारी. साक्षींमध्ये हा भेद जागोजागी डोकावतो. प्रतिष्ठित साक्षीदार गांजाबद्दल जे ठणकावून सांगतो, ते त्याने पाहिलेले थोडे आणि ऐकलेले फार असते. कमिशनलाही हे जाणवले होते. गांजाच्या नशेत झालेल्या म्हणून सांगितल्या गेलेल्या खुनांचे खटले त्याने मागवून घेतले, तेव्हा बहुतेकांत नशेचा संबंध कागदावर टिकला नाही.

प्रयोगही झाले. कमिशनसाठी डी. डी. कनिंगहॅम या डॉक्टरांनी कलकत्त्यात माकडांना महिनोन्‌महिने गांजाचा धूर दिला आणि नंतर मेंदू तपासला. धोत्र्याने वा दारूने व्हावी तशी विकृती आढळली नाही. माकडे इतकी थोडी होती की त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही, हेही खरेच. गंमत अशी, की पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत टुलेन विद्यापीठाच्या रॉबर्ट हीथ यांनी माकडांना धूर देऊनच उलटा निष्कर्ष काढला. मेंदूला इजा होते असा तो निष्कर्ष प्रचारात पुष्कळ वापरला गेला. त्या प्रयोगावरही नमुना तोकडा असल्याचे आणि धूर देण्याची रीत सदोष असल्याचे आक्षेप आले, आणि नंतरच्या मोठ्या प्रयोगांत तशी इजा दिसली नाही.

कमिशनचा निष्कर्ष असा : बेताच्या सेवनाने शरीर, मन आणि वर्तन यांवर जवळजवळ कोणताच दुष्परिणाम होत नाही. अतिसेवन अपायकारक आहे, पण ते करणारे थोडे आहेत. म्हणून सरसकट बंदी नको. परवान्याखाली ठरावीक भागात लागवड, पुरेसा कर, मोजकी दुकाने आणि जवळ बाळगण्याच्या मालाला मर्यादा, एवढे पुरे. रॉय आणि निहालचंद या दोघांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. दुष्परिणाम बहुमताने मानले त्याहून अधिक आहेत असे त्यांचे म्हणणे. यातले रॉय ज्या राजशाही भागातले, तिथेच नौगावला बंगालचा गांजा पिकत असे. म्हणजे या विषयाची त्यांना घरबसल्या माहिती होती, आणि तरी, किंवा म्हणूनच, ते बहुमताशी सहमत झाले नाहीत. गांजावरची बंदी उठवा म्हणणारे लेखक आजही हा तपशील वगळतात.

वगळण्यासारखे आणखीही आहे. साक्षीदारांत सरकारी अधिकाऱ्यांचा भरणा मोठा होता, प्रत्यक्ष ओढणारे थोडे. ‘बेताचे सेवन’ म्हणजे किती, याचे नेमके माप बसवलेले नाही. रुग्णांचा पुढे पाठपुरावा झाला नाही, आणि चौकशीचा निकाल सरकारच्या महसुलाला सोयीचा होता. खोट्या पुराव्याची लक्तरे काढणे आणि निर्धोकपणा सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत. कमिशनने पहिले उत्तम केले. दुसरे त्याच्या हाती असलेल्या साधनांनी होण्यासारखे नव्हते.

अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला. तीस वर्षांनी, १९२४–२५ मध्ये, जिनीव्हाच्या दुसऱ्या अफू परिषदेत इजिप्तचे प्रतिनिधी एल गिंदी यांनी सांगितले, की त्यांच्या देशातील वेडाच्या ३० ते ६० टक्के रुग्णांना हशीशने (म्हणजे चरसासारख्या मालाने) वेड लागलेले असते. त्याआधीची कित्येक वर्षे इजिप्तच्या वेड्यांच्या इस्पितळांचा कारभार कैरोच्या अब्बासिया इस्पितळाचे जॉन वॉर्नॉक हे डॉक्टर पाहत होते. इस्पितळात आलेल्यांवरून साऱ्या ओढणाऱ्यांबद्दल अनुमान काढण्याची त्यांची पद्धत होती, म्हणजे कमिशनने हिंदुस्थानात निकालात काढलेली तीच. पण परिषदेत कुणी १८९४ चे खंड उघडून इजिप्तचे आकडे तपासले नाहीत. फेब्रुवारी १९२५ च्या करारात गांजा प्रथमच आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला, आणि १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने तो हेरॉइनबरोबर सर्वांत कडक अनुसूचीत बसवला.

१९६० च्या दशकाअखेरीस पाश्चात्त्य विद्यार्थ्यांच्या हातात गांजा आला, तसा हा अहवालही पुन्हा हातात घेतला गेला. गांजाची चौकशी करणाऱ्या ब्रिटनच्या वूटन समितीने १९६८ मध्ये त्याच्याशी सहमती नोंदवली, आणि १९६९ मध्ये अमेरिकेत मुख्य खंडाचे पुनर्मुद्रण निघाले. मात्र तोवर विज्ञानाची साधने बदलली होती. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने स्वीडनच्या सैन्यभरतीतील ४५,५७० तरुणांचा अभ्यास छापला. पन्नासाहून अधिक वेळा ओढल्याचे सांगणाऱ्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळले. आधीपासूनचे मानसिक आजार वगैरे घटक हिशेबात घेतल्यावर ते निम्म्याच्याही खाली आले, पण शून्य झाले नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनीही या संबंधाला भरीव पुरावा असल्याचे म्हटले. २०१९ च्या एका युरोपीय अभ्यासात रोज जहाल माल ओढणाऱ्यांना असलेला धोका जवळजवळ पाचपट निघाला. जहाल म्हणजे टीएचसी हे नशेचे द्रव्य दहा टक्के वा अधिक. आधी आजार की आधी चिलीम, हा कमिशनने २२२ घरांत विचारलेला प्रश्न या अभ्यासांनाही सोडवावा लागतो. फरक एवढाच, की आता त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा होतो आणि मालाची जहालताही मोजली जाते.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा व चरस गुन्ह्यात आले, पाने मात्र व्याख्येबाहेर राहिली. त्यामुळे भांग केंद्रीय कायद्यातून सुटते. महाराष्ट्रात ती राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा वा चरस घेतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने पुरावा नव्याने तपासून केलेल्या शिफारशीवर २ डिसेंबर २०२० रोजी व्हिएन्नात मतदान झाले. गांजाला हेरॉइनच्या पंगतीतून, म्हणजे चौथ्या अनुसूचीतून, काढण्याच्या बाजूने २७ आणि विरोधात २५ मते पडली. युक्रेन तटस्थ राहिला. भारताने बाजूने मत दिले, इजिप्त आणि बहारीन यांनी विरोधात. बहारीनमध्ये अमली पदार्थांविषयीचा २००७ चा कायदा क्रमांक १५ लागू आहे. तिथल्या मराठी नोकरदारासाठी सामानात राहिलेली चिमूटभर भांगही तुरुंगवासाचे आणि हद्दपारीचे निमित्त ठरू शकते.