अँटीव्हायरस नवा, टायपिंग जुनं: पुण्यातल्या छापखान्यांचा एक पेच

माझा पीएच.डी.चा विषय ‘पुण्यातल्या छापखान्यांत आलेला संगणक’ असा आहे. हे ऐकलं की डीटीपी करणारी मंडळी मलाच उलट प्रश्न विचारतात: “अँटीव्हायरसची नवी आवृत्ती टाकली तर आमचं जुनं सॉफ्टवेअर चालेल ना?” मी काही संगणक दुरुस्त करणारा नाही. पण हा प्रश्न मुळात इतिहासाचा आहे, म्हणून आज त्यावरच लिहितो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सुरुवातीला अँटीव्हायरस आणि युटिलिटी असे दोन वेगळे प्रकार नव्हतेच. १९८६ साली लाहोरमधून पसरलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, स्वतः जाऊन बसायचा आणि तिथला मूळ मजकूर दुसरीकडे हलवायचा. त्यावर उपाय म्हणजे तो मजकूर शोधून जागेवर आणून ठेवणारा छोटा प्रोग्राम. तीही एक दुरुस्तीच. पुण्यातली गोष्ट याच वळणाची आहे. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. १९९३ मध्ये त्यांची ‘कॅट कम्प्युटर सर्व्हिसेस’ सुरू झाली. त्यांचे धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायचे. त्यांच्यावर काढलेल्या उपायांतून १९९५ च्या सुमारास डॉसवर चालणारं ‘क्विक हील’ तयार झालं. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेलं सॉफ्टवेअर म्हणा ना! कंपनीचं नावच क्विक हील झालं ते २००७ मध्ये, आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली.

मग भांडण कुठे सुरू झालं? जागेवरून. डॉसमध्ये प्रोग्रामना वापरायला ६४० किलोबाइट मेमरी. अँटीव्हायरसचा पहारेकरी त्यातच ठाण मांडून बसणार आणि डिस्कच्या नाजूक भागावर कोण लिहितंय यावर नजर ठेवणार. आता नॉर्टन डिस्क डॉक्टरसारखी युटिलिटी काय करते? बिघडलेला बूट सेक्टर दुरुस्त करायला थेट तिथेच लिहिते. पहारेकऱ्याच्या नजरेतून बघा: डॉक्टर आणि चोर दोघेही त्याच खिडकीतून आत शिरतायत. हा तिढा पुढे कधीच पूर्णपणे सुटला नाही, फक्त त्याची जागा बदलत गेली.

विंडोज ९५ आलं तेव्हा तर जुना डॉक्टरच धोकादायक ठरला. फाइलचं नाव आता आठ अधिक तीन अक्षरांपुरतं राहिलं नव्हतं, २५५ अक्षरांपर्यंत देता येत होतं. ही लांब नावं डिस्कच्या यादीत जादा नोंदी करून ठेवलेली असत. डॉसच्या काळातली दुरुस्ती-युटिलिटी त्या नोंदींना बिघाड समजायची आणि इमानेइतबारे ‘दुरुस्त’ करायची. नावं गेली! म्हणून विंडोज ९५ ने डिस्कवर थेट लिहिण्यावर बंदी घातली. ती उठवायची असेल तर ‘लॉक’ अशी आज्ञा मुद्दाम द्यावी लागे.

जगात सगळीकडे ही कहाणी एवढीच. पुण्यात मात्र तिला वेगळं वजन आलं, कारण इथली सगळ्यात महत्त्वाची युटिलिटी होती मराठी लिपी. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि त्यांच्या जिस्ट कार्डमुळे डॉसच्या संगणकावर देवनागरी दिसू लागली. पुढे विंडोजवर सी-डॅकचं आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी छापखान्यांत रुजली. हे प्रोग्राम कसं काम करतात? तुम्ही कळ दाबली की ती पेजमेकरपर्यंत पोचायच्या आधी हे मध्येच पकडतात आणि तिच्या जागी मराठी अक्षराचा सांकेतिक क्रमांक पाठवतात. आता आजच्या अँटीव्हायरसला विचारा, ‘प्रत्येक कळ मध्येच ऐकणारा, सही नसलेला, अनोळखी प्रोग्राम’ म्हणजे काय? तो म्हणेल, पासवर्ड चोरणारा. वागण्यावरून ओळखणारी ही नवी पद्धत चुकीची नाही, उलट ती फार उपयोगी आहे. पण तिला मराठी टायपिंगचा इतिहास ठाऊक नाही!

त्यात भर डोंगलची. सॉफ्टवेअरची चोरटी प्रत चालू नये म्हणून प्रिंटरच्या पोर्टला लावायचं ते बोटभर कुलूप. त्याला विंडोजच्या गाभ्यात जाणारा ड्रायव्हर लागतो. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाच्या ६४ बिटी आवृत्तीने असे ड्रायव्हर सहीशिवाय घ्यायचं नाकारलं. १६ बिटी जुने प्रोग्राम तर ६४ बिटी विंडोजवर चालतच नाहीत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. म्हणजे साखळी अशी: नवा अँटीव्हायरस नवं विंडोज मागणार, नवं विंडोज जुना ड्रायव्हर नाकारणार, ड्रायव्हर नाही तर डोंगल मुका, आणि डोंगल मुका तर मराठी बंद. छापखानेवाल्याने एक्सपी सोडलं नाही याला आपण आळस म्हणतो. मला ते म्हणणं अन्यायाचं वाटतं.

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार काढून घेतला. मग बऱ्याच ठिकाणी निघालेला मार्ग म्हणजे त्या संगणकाची इंटरनेटची वायर काढायची आणि फाइल पेन ड्राइव्हने न्यायची-आणायची. ‘ब्रेन’ असाच तर पसरला होता, फक्त तेव्हा फ्लॉपी होती. २००८ मधला ‘कॉन्फिकर’ पेन ड्राइव्हवरूनही पसरायचा. गंमत म्हणजे मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने नियम मोडून एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली, पण बाधित झालेली बहुतेक यंत्रं विंडोज ७ ची होती.

माझ्यासारख्याची झोप उडते ती वेगळ्याच कारणाने. त्या संगणकांत पुस्तकं आहेत, दिवाळी अंक आहेत, संस्थांचे अहवाल आहेत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण या फाइल त्यात नाहीत. जुन्या फाँटमध्ये साठवलेलं असतं ते अक्षराचे तुकडे: काना वेगळा, रफार वेगळा, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. परिवर्तक वापरला तर बराच मजकूर सुटतो, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात. आणि ताडून बघायला मूळ पान पडद्यावर जसंच्या तसं दाखवणारं यंत्र लागतं, ते म्हणजे तोच जुना एक्सपी.

तर मला विचारणाऱ्यांना मी हे सांगतो. नव्या संगणकावर नवा अँटीव्हायरस जरूर टाका, पण आधी जुन्या हार्ड डिस्कची संपूर्ण प्रतिमा काढून ठेवा. जुनं विंडोज नव्या यंत्राच्या आत, आभासी संगणकात, नेटवर्क बंद करून चालवून बघा. प्रिंटर पोर्टचा डोंगल तिथे अडण्याची शक्यता मोठी, म्हणून हे जमेपर्यंत जुनं यंत्र भंगारात देऊ नका. अँटीव्हायरसने टायपिंगचा प्रोग्राम पकडला तर अख्खा पहारा बंद करू नका. मूळ सीडीवरूनच टाकलेला आहे याची खात्री करून तेवढ्या एका प्रोग्रामला सूट द्या.

आणि तुमच्याकडे नव्वदच्या दशकातल्या फ्लॉपींचा डबा किंवा बेवारस डोंगल पडला असेल, तर टाकून देण्याआधी मला कळवा. फ्लॉपी वाचणारं एक यंत्र माझ्याकडे अजून चालू आहे.