स्मोंग : एका बेटाने जपलेली आठवण

इंडोनेशियातील आचे प्रांताच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, हिंदी महासागरात सिमेउलुए नावाचे बेट आहे. लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास. वस्ती जवळजवळ सगळी मुसलमानांची. नारळ, लवंगांच्या बागा, भातशेती, म्हशी आणि मासेमारी यांवर चालणारे जीवन. कोकणातल्या माणसाला ते फारसे परके वाटणार नाही. आपल्या उर्दू आणि मराठी पाठ्यपुस्तकांत या बेटाचे नाव आम्हाला कुठे आढळले नाही. तरीही आम्ही शिक्षकांनी ते मुलांना सांगावे, असा त्याचा इतिहास आहे.

२६ डिसेंबर २००४ हा दिवस वाचकांच्या स्मरणात असेलच. रविवारची सकाळ होती. स्थानिक वेळ आठला एक-दोन मिनिटे कमी. नऊपेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचा केंद्रबिंदू याच बेटाच्या उत्तरेला, अगदी जवळ होता. त्यानंतर उठलेल्या त्सुनामीने एकट्या इंडोनेशियात दीड लाखाहून अधिक माणसे नेली. बांदा आचे शहराचा मोठा भाग पुसला गेला. भारतातही तामिळनाडूपासून अंदमान-निकोबारपर्यंत दहा हजारांवर बळी गेले. केंद्राच्या इतक्या जवळ असलेल्या सिमेउलुएवर तेव्हा सुमारे ७८ हजार लोक राहत होते. तिथे मृत्यू झाले फक्त सात.

हा आकडा प्रथम वाचला तेव्हा छपाईची चूक असावी, असेच आम्हाला वाटले. पण चूक नव्हती. बेटाच्या उत्तर टोकाला लांगी नावाचे गाव आहे. भूकंपानंतर अवघ्या आठ मिनिटांत पहिली लाट तिथे पोचली. तिची उंची दहा मीटरच्या घरात होती. गावातली घरे जमीनदोस्त झाली, पण गावातली सुमारे आठशे माणसे जिवंत राहिली. कारण लाट आली तेव्हा गावात कोणीच नव्हते. धक्का थांबताच म्हातारे, बायका, कडेवरची पोरे, सगळे टेकडीवर गेले होते. भोंगा वाजला नव्हता, रेडिओने सांगितले नव्हते, सरकारी माणूस आला नव्हता. एक शब्द ओरडत लोक पळाले होते. तो शब्द होता ‘स्मोंग’.

स्मोंग हा तिथल्या देवायान बोलीतला शब्द. भूकंपाला त्या बोलीत ‘लिनोन’ म्हणतात आणि भूकंपामागून चालून येणाऱ्या समुद्राला ‘स्मोंग’. या शब्दामागे ४ जानेवारी १९०७ ही तारीख आहे. तो शुक्रवार होता, जुम्याचा दिवस, आणि वेळ दुपारच्या सुमाराची. आचेवर तेव्हा डचांचा अंमल बसत होता. १८७३ साली सुरू झालेले युद्ध पुरते विझले नव्हते. त्या दुपारी जमीन हलली आणि समुद्र मागे हटला. उघड्या पडलेल्या तळावर मासे तडफडत होते. ते गोळा करायला लोक धावले आणि तेवढ्यात पाणी परतले. हजारो माणसे गेली. काही गावांत निम्म्याहून अधिक वस्ती उरली नाही, असे बेटावरचे लोक सांगत आले आहेत.

२०१० साली हिरू कानामोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०७ च्या भूकंपाच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. समुद्राचा तळ तेव्हा संथपणे सरकला होता. अशा भूकंपात हादरे बसतात त्या मानाने लाट फार मोठी उठते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बेटावरच्या लोकांना हे शास्त्र माहीत नव्हते. जे वाचले, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला क्रम तेवढा लक्षात ठेवला : आधी जोराचा धक्का, मग समुद्राची ओहोटी, मग स्मोंग. आणि त्यावर एकच हुकूम : माल उचलू नका, मासे वेचू नका, टेकडी गाठा.

ही आठवण ९७ वर्षे कशी टिकली, हा आमच्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. ती कुठल्या ग्रंथात लिहिलेली नव्हती. दादा-दादी, नाना-नानी नातवंडांना ती सांगत. या सांगण्याला तिथे ‘नाफी-नाफी’ म्हणतात. ‘नांदोंग’ नावाच्या गाण्यांतून आणि अंगाईंतून ती पोरांच्या कानी पडे. शिवाय बेटावर लहानमोठे धक्के नेहमीच बसतात. २ नोव्हेंबर २००२ ला तर सातहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. असा धक्का बसला की घरातले वडीलधारे माणूस ती गोष्ट पुन्हा काढणार. म्हणजे धड्याची उजळणी जमीनच करून घेत होती. अध्यापनशास्त्राची पदवी घेताना आम्ही उजळणीवर पानेच्या पाने लिहिली. त्या निरक्षर आज्यांनी ती काही न लिहिता करून दाखवली.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ही कहाणी नुसता शोक करत नाही. किती मेले, कोण मेले यावर ती थांबत नाही. काय करायचे, हे सांगून ती संपते. आपल्याकडे दुःखाच्या आठवणी पुष्कळ आहेत, पण त्या बहुधा रडण्याशी संपतात.

कोणी म्हणेल, टेकड्या गावाला लागून होत्या म्हणून लोक वाचले. हे खरेच आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण आचेच्या मुख्य भूमीवर काही ठिकाणी लाट पोचायला याहून अधिक वेळ लागला, तरी तिथे माणसे मोठ्या संख्येने बुडाली. मागे हटलेला समुद्र पाहायला आणि मासे वेचायला लोक तिथे पुढे गेले होते, १९०७ साली सिमेउलुएवाले गेले होते अगदी तसेच. टेकडी दोन्हीकडे होती, शब्द एकीकडेच होता.

काहींनी त्या लाटेला अल्लाहचा कहर म्हटले. सिमेउलुएची माणसेही तितकीच श्रद्धावान. पण धक्का बसल्यावर आधी त्यांनी मुले उचलली, आणि दुआ मागितली ती टेकडी चढता चढता. भरवसा ठेवण्याआधी उंट बांधावा ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती अमलात कशी येते, ते या बेटाने दाखवले. २००५ साली संयुक्त राष्ट्रांचा आपत्तिनिवारणासाठीचा ससाकावा पुरस्कार बेटाच्या रहिवाशांना मिळाला.

पण इतिहास इथे थांबत नाही. तीन महिन्यांनी, २८ मार्च २००५ च्या रात्री अकराच्या सुमारास, ८.६ तीव्रतेचा दुसरा भूकंप झाला. या खेपेला घात पाण्याने केला नाही, छपरांनी केला. शेजारच्या नियास बेटावर आठशेहून अधिक लोक गेले, तर सिमेउलुएवर शंभराच्या आसपास. विटा-सिमेंटची कच्ची बांधलेली घरे कोसळली. नियासमधली जुनी लाकडी घरे मात्र बरीचशी उभी राहिली. आपल्या मराठवाड्याने हाच अनुभव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत घेतला आहे. तिथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. स्मोंगची कहाणी पाण्यापासून पळायला शिकवत होती. घर कसे बांधावे हे तिच्यात नव्हते.

तिची दुसरी मर्यादा २५ ऑक्टोबर २०१० ला मेंतावाई बेटांवर दिसली. १९०७ सारखाच तो संथ भूकंप होता. धक्का सौम्य वाटला म्हणून अनेकजण हलले नाहीत, आणि चारशेहून अधिक माणसे लाटेत गेली. धक्का जोराचा नसला तरी तो बराच वेळ चालला तर पळावे, एवढी भर जुन्या हुकमात घालायला हवी.

या दोन भूकंपांनी सिमेउलुएची जमीनही उचलली. २००४ मध्ये वायव्य टोक दीड मीटरच्या आसपास वर आले, २००५ मध्ये दक्षिणेचा भाग तसाच वर आला. प्रवाळाचे खडक पाण्याबाहेर पडले आणि मेले. झाडाच्या खोडासारखी प्रवाळातही वर्षांची कडी असतात. ती मोजून शास्त्रज्ञांनी दाखवले की इसवी सन १३९० ते १४५५ च्या दरम्यानही इथे जमीन उचलणारे मोठे भूकंप झाले होते. त्या भूकंपांची एकही गोष्ट स्मोंगच्या कहाणीत नाही. म्हणजे प्रवाळाला सहाशे वर्षांपूर्वीचे आठवते, माणसाला शंभर वर्षांचे, आणि तेही सांगत राहिले तरच.

हे सगळे वाचल्यावर आम्हाला आपला किनारा आठवला. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. त्याची लाट काही तासांनी मुंबईपर्यंत पोचली आणि तिथेही माणसे वाहून गेली. आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात आम्ही वडीलधाऱ्यांना विचारले. वादळे त्यांना सनावळीसकट आठवत होती, बुडालेले मचवे नावांनिशी आठवत होते. १९४५ ची लाट कोणालाच माहीत नव्हती. त्या लाटेला आमच्या बोलीत नाव पडले नाही. नाव नाही म्हणून गोष्ट नाही, आणि गोष्ट नाही म्हणून मुलांपाशी काही नाही.

सातवीच्या वर्गात आम्ही ही हकीकत सांगितली. धडा उर्दूत झाला, पण घरी गेल्यावर मुलांनी ती आपापल्या बोलीत सांगावी, असे बजावले. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, आपण कुठल्या टेकडीवर जायचं?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन शाळेच्या फाटकापासून कब्रस्तानामागच्या टेकाडापर्यंत चालत गेलो. रस्ता बांधाबांधावरून होता, मध्ये एक काटेरी कुंपण. घड्याळ लावले होते. एकोणीस मिनिटे लागली. मकरानची लाट इथे यायला काही तास घेते, तेव्हा एकोणीस मिनिटे पुरेशी आहेत. फक्त ते कुंपण तेवढे काढायचे राहिले आहे.